रामटेके बाईंची क्रांती आणि मंडळाची मखमली खुर्ची

आधीच सांगून ठेवतो, चांगली खुर्ची एकच होती. बाकी सगळ्या हॉलच्या, करड्या प्लास्टिकच्या, एकावर एक रचून ठेवायच्या. राजाच्या वतीनं आलेल्या माणसाला मी त्यातल्या एकीवर बसवणार होतो का? मी, रघुवीर, मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे, म्हणजे हमाल आहे; पण अगदीच खुळा नाही. आता सगळे मला हसतात. हसू देत. त्या दिवशी कोण हसत होतं, विचारा.

गोष्ट माझी नाही, रामटेके बाईंची आहे. द्रौपदी रामटेके, नागपूरच्या, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. आमची खजिनदार मनीषा ही त्यांची लेक. बाई दरवर्षी नागपूरचा उन्हाळा लागायच्या आत लेकीकडे येतात. पहिल्या वर्षी त्यांनी शेजाऱ्यांच्या बागा पाहिल्या, दुसऱ्या वर्षी गोल चौक मोजले, आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, त्यांना राहवेना. मला फोन केला. "रघुवीर, तुमच्या रविवारच्या मराठी शाळेत इतिहास कोण शिकवतो?"

"कोणी नाही, बाई. आम्ही बाराखडीवरच अडकलोय."

"मग येत्या रविवारपासून मी येते."

विचारलं नाही हो, सांगितलं! मला राग आला होता. पण पुणेरी माणसाला कोणी फुकट काम करतो म्हटल्यावर राग फार वेळ टिकत नाही.

पहिल्याच तासाला बाई दोन पाव घेऊन आल्या. मुलांना तीन रांगांत बसवलं. पहिल्या रांगेत दोघं, दुसऱ्या रांगेत दोघं, आणि उरलेली सगळी पोरं मागं. पुढच्या दोन रांगांना मिळून दीड पाव. मागच्या सगळ्यांना अर्धा. "हं, खा," म्हणाल्या. मागं मनीषाची पोरगी तनू बसली होती. अकरा वर्षांची, इथंच जन्मलेली, मराठीत 'तो खुर्ची' म्हणणारी. तिच्या हातात नखाएवढा तुकडा आला. तिनं तो टेबलावर आपटला. "आजी, धिस इज सो अनफेअर!"

"मग काय करशील?"

तनू उठली आणि तिनं पुढच्या रांगेतल्या वरदच्या हातातला पाव ओढला. वरदनं भोकाड पसरलं. बाईंनी फळ्यावर लिहिलं: फ्रान्स.

नंतर वरदच्या आईचा फोन कोणाला आला? मलाच.

पण पोरांना गोडी लागली ती लागलीच. रविवारी सकाळी जी पोरं आयबापांना ओढत आणावी लागायची, ती आता वेळेआधी दारात उभी. बाई एकेका रविवारी एकेक पायरी सांगायच्या. गारपिटीनं पीक गेलं, पाव महागला. खजिना रिकामा झाला तेव्हा राजाला लोकांची आठवण आली. लोकांनी तुरुंग फोडला. आत कैदी निघाले सात, पण भिंत पडली हे महत्त्वाचं. मग बाजारातल्या बायका पावसात चालत राजाच्या महालावर गेल्या आणि त्याला शहरात घेऊन आल्या. मग राजा वेष बदलून पळाला आणि वाटेत पकडला गेला. प्रत्येक तास अशा जागी थांबायचा की पोरं आठवडाभर विचारत राहायची, पुढं काय झालं? आमच्या घरी जेवताना माझा मुलगा म्हणायचा, "बाबा, राजाला मारतील का?" मी म्हणायचो, "गुपचूप वरण-भात खा."

बाईंचे वडील नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते. "राणीच्या नावाची गिरणी," बाई म्हणायच्या, "आणि माझ्या बापाच्या छातीत तिचा कापूस." तीन वर्षांच्या असताना बाप त्यांना खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर गेला होता. आठवत काही नाही, फक्त पांढरे कपडे, जिकडं पाहावं तिकडं पांढरे कपडे. एकदा चहा पिताना मी उगाच खोचकपणे विचारलं, "बाई, क्रांती क्रांती करता, रक्तपाताचं काय?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी क्रांती पाह्यली आहे, रघुवीर. बापाच्या खांद्यावरून पाह्यली. तिच्यात रक्ताचा थेंब सांडला नाही आणि लाखो माणसं एका दिवसात ताठ उभी राहिली. म्हणून तर मला त्या दुसऱ्या क्रांतीचा शेवटही शिकवायचा असतो. कुठं चुकलं ते कळायला नको?" मी बिस्कीट खाल्लं. दुसरं काय करणार?

मग महाराष्ट्र दिन आला आणि बाईंनी जाहीर केलं, पोरांचं नाटक बसवणार. विषय, फ्रान्सची राज्यक्रांती.

"अहो बाई, महाराष्ट्र दिनाला फ्रान्स कशाला?"

"मागच्या वर्षी काय होतं?"

"मावळे."

"त्याआधी?"

"...मावळे."

"एक मे कामगार दिनही असतो, रघुवीर. होऊ द्या थोडा बदल." कमिटीनं कुरकुर केली आणि मान डोलावली. पोरं एवढी खूश होती की नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ पाहुण्यांनी झाला. आमच्या अध्यक्षांनी, पुरुषोत्तमरावांनी, कुठूनशी ओळख काढून प्रमुख पाहुणे म्हणून डेप्युटी लेफ्टनंट साहेबांना बोलावलं. लष्करातले नव्हेत. राजाला स्वतःला प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सगळीकडं जाणं जमत नाही, तर त्याच्या वतीनं फीत कापायला, झाड लावायला आणि नव्या नागरिकांना सर्टिफिकेट द्यायला जो माणूस जातो, तो हा.

ते ऐकलं आणि मनीषाचा चेहरा पांढरा पडला. कारण आमचा कार्यक्रम रविवारी, आणि तिची सिटिझनशिप सेरेमनी पुढच्याच गुरुवारी. तिची आणि नवऱ्याची, सुहासची. अर्ज मंजूर होता, पण सेरेमनीत शपथ घेऊन सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत माणूस नागरिक होत नाही. आणि ते सर्टिफिकेट देणार होते हेच साहेब.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तुम्ही व्हिसावर राहिला नाहीत. मनीषाच्या पहिल्या कंपनीचं परदेशी माणसं कामावर ठेवायचं लायसन गेलं, तेव्हा तनू तान्ही होती. सरकारचं पत्र आलं, साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधा नाहीतर निघा. तनूचा पाळणा विकायला काढला होता तिनं. शेवटच्या आठवड्यात नोकरी मिळाली, पण ती धास्ती काही गेली नाही. मनीषा कार चालवताना पिवळा दिवा दिसला तरी थांबते. मुलीला शाळेत उशीर झाला तरी तिला वाटतं, कुठंतरी नोंद होईल. आम्ही सगळेच असे आहोत. कोणी उघड बोलत नाही, एवढंच.

त्या आठवड्यात मी खुर्चीचं माप घ्यायला मनीषाच्या घरी गेलो होतो. हो, तीच खुर्ची. लेस्टरच्या लग्नवाल्यांकडून भाड्यानं आणलेली, लाल मखमल, सोनेरी हात, पाठीवर दोन सिंह. नाटकातल्या राजासाठी. गराजमध्ये ठेवली होती. किचनमध्ये मायलेकींचं जुंपलं होतं.

"आई, राजाला खुर्चीवरून उतरवायचा सीन काढून टाक."

"काऊन?"

"का ते तुला माहितीये. बायका महालावर जातात तिथंच संपव ना! पाव मिळतो, सगळे आनंदी, टाळ्या!"

"म्हणजे भाकर मागितली आणि राजानं दिली. मग क्रांती कशाला म्हणायचं त्याला, अन्नछत्र म्हण! मी आयुष्यात अर्धी क्रांती शिकवली नाही, मनीषा."

"आणि तुझ्या क्रांतीपायी माझं सर्टिफिकेट अडलं तर?"

"पोट्ट्यांच्या नाटकानं सर्टिफिकेट अडतं? कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

"कायद्यात नसतं गं ते!" मनीषा ओरडलीच. "तू परत जाशील नागपूरला. इथं मला राहायचंय. त्याच माणसासमोर उभं राहून मला म्हणायचंय, मी राजाशी एकनिष्ठ राहीन. आणि चार दिवस आधी माझी पोरगी त्याच्यासमोर राजाला म्हणणार, उतर खाली?"

बाईंनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "मी काही कापाकापी दाखवणार नाही. फक्त ढोल वाजेल. पण खुर्चीवरून उतरायला सांगणं राहील." मनीषा तरातरा जिना चढून गेली. मी मापाची टेप खिशात घातली आणि मागच्या दारानं सटकलो. खरं सांगतो, मनातून मी मनीषाच्या बाजूनं होतो.

रविवारी दुपारी हॉलच्या कार पार्कमध्ये मी चहाचे थर्मास उतरवत होतो. शेजारच्या गाडीची काच खाली होती. आत मनीषा आणि तनू. तनूच्या अंगावर पॅरिसच्या बाजारातल्या बाईचा वेष, हातात लाटणं.

"तनू, ती लाइन म्हणू नकोस. विसरलीस असं दाखव. आजी रागावणार नाही."

"पण मम्मी, तो सगळ्यात इम्पॉर्टंट लाइन आहे."

"तनू." मनीषाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ते पाहुणे रागावले ना, तर कदाचित मम्मीला इथं राहू नाही देणार. कळलं?"

तनूनं मान हलवली. मी थर्मास घेऊन आत गेलो. मध्ये पडायला हवं होतं का? अहो, चहा सांडत होता, बटाटेवडे यायचे होते, पाहुणे दहा मिनिटांवर होते!

पाहुणे आले. उंच, म्हातारे, काळा सूट, छातीवर रिबनला लावलेला बिल्ला. आता आपल्याकडं प्रमुख पाहुणे कुठं बसतात? स्टेजवर. सगळ्यांच्या समोर, मधोमध. ते इंग्रजांसारखं पहिल्या रांगेत कडेला बसवणं आपल्याला जमत नाही. तो अपमान वाटतो. आणि स्टेजवर मधोमध खुर्ची होती ती एकच. बसवलं. शाल, श्रीफळ झालं. पुरुषोत्तमरावांना उत्साह आवरेना, त्यांनी साहेबांना केशरी फेटा बांधला, तुरा काढून. साहेब खूश. ठरलं असं होतं की दीपप्रज्वलन झालं की त्यांना खाली आणायचं आणि नाटक सुरू करायचं. पण पुरुषोत्तमराव बोलायला उभे राहिले की बसतात कधी? मंडळाचा इतिहास, मंडळाची इमारत, मंडळाची ढोल-ताशा पथकं. दिवे आणि आवाज सांभाळायला यतीन होता. तो वैतागला. भाषणात 'धन्यवाद' हा शब्द ऐकला आणि त्यानं बटण दाबलं. काळोख. संगीत सुरू. पुरुषोत्तमराव चाचपडत खाली उतरले. साहेब तिथंच.

मी विंगेत होतो. माझ्या शेजारी वरद, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. "काका, माझी खुर्ची?"

दिवा लागला तो थेट सिंहासनावर. लाल मखमल, सोनेरी हात, केशरी फेटा, छातीवर बिल्ला. खुद्द राजाचा माणूस, राजाच्या जागी.

आणि दुसऱ्या विंगेतून पोरं शिरली. लाटणी, झारे, उलथनी घेऊन. "भाकर द्या! भाकर द्या!" अशी जोरात घुसली की स्टेज हादरलं. निम्म्यात आल्यावर त्यांना दिसलं खुर्चीवर कोण आहे. पण बाईंनी शिकवलं होतं, काही झालं तरी थांबायचं नाही. त्यांनी साहेबांना गोल वेढा घातला. साहेब आधी हसले. मग इतकी लाटणी पाहून त्यांनी खुर्चीचे हात धरले.

घोषणा थांबल्या. आता तनूची पाळी. तनू पुढं झाली आणि गप्प उभी राहिली.

कोणीतरी खाकरलं. तनूनं साहेबांकडं पाहिलं, मग प्रेक्षकांत आईकडं. तिचे ओठ हलले, शब्द नाही. मी यतीनला खुणा करायला लागलो, पडदा, पडदा! यतीनला काही दिसेना. पडद्याची दोरी माझ्यापासून दोन हातांवर होती. मी हात घातला तर त्यावर आधीच एक हात होता. रामटेके बाईंचा.

"हात लावू नका, रघुवीर. ती बोलेल. माझ्या मुली बोलतात."

"अहो बाई, ती नाही बोलणार!"

आणि तेवढ्यात तनू बोलली. पण ती लाइन नाही. ती रडायला लागली होती, आणि रडताना इथली पोरं इंग्रजीत रडतात. गालावर माइक चिकटवलेला. हुंदका हॉलभर गेला. "आय कान्ट से इट. इफ आय से इट, दे वोन्ट लेट मम्मी स्टे."

सगळ्या कार्यक्रमात साहेबांना समजलेलं पहिलं वाक्य हेच असणार. त्यांचा चेहरा मला दिसत होता. हसू गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही.

बाईंकडं मी पाहिलं. त्यांना गाडीतलं काही माहीत नव्हतं. एवढी खमकी बाई, पण तोंडचं पाणी पळालं. चौतीस वर्षं वर्गात उभं राहिलेली बाई भिंतीला टेकली. "हे पोरीच्या डोक्यावर होतं?" म्हणाल्या. मग दोरी माझ्याकडं ढकलली. "पाडा. पाडा पडदा. नको मला क्रांती."

मी दोरी ओढणार, तोच खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मनीषा उठली होती. पिवळ्या दिव्याला थांबणारी मनीषा. ती मधल्या वाटेनं चालत आली, स्टेजच्या पायऱ्या चढली, तनूचा हात धरला. दुसऱ्या हातानं तनूच्या हातातलं लाटणं घेतलं. साडीच्या निऱ्या हलताना दिसत होत्या. पण आवाज हलला नाही.

"भाकर मागायला आलो होतो," ती साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "आता खुर्ची मागतोय. खाली उतरा."

मराठीत म्हणाली. साहेबांना अक्षर कळलं नसेल. तरी ते उठले. फेटा डोक्यावर, शाल खांद्यावर, पायरी चाचपत खाली आले आणि पहिल्या रांगेत एका करड्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. कोणी टाळी वाजवली नाही. कोणाची हिंमत होती?

बाईंनी डोळे पुसले आणि वरदच्या पाठीत धपाटा घातला. "जा, बस. तू राजा आहेस." नाटक पुढं चाललं, अगदी शेवटापर्यंत. ढोल वाजला. राजा गेला. मग ज्यांनी मिळून घोषणा दिल्या होत्या ती पोरं एकमेकांकडं बोट दाखवायला लागली, तू गद्दार, नाही, तू गद्दार! ज्याच्याकडं बोट, तो खाली बसायचा. बसता बसता स्टेजवर एकच जण उरला. माझाच मुलगा. त्यानं पडलेला मुकुट उचलला आणि स्वतःच स्वतःच्या डोक्यावर ठेवला. अंधार. मला गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

साहेब चहाला थांबले नाहीत. त्यांना दुसरीकडं जायचं होतं, हे आधीच ठरलेलं होतं. पण ते कोण लक्षात घेतो? पुरुषोत्तमराव मला फाडून खायचेच बाकी होते. वडे तसेच राहिले.

ते चार दिवस आमच्या सगळ्यांचेच वाईट गेले. मनीषा मेल उघडायची, बंद करायची, परत उघडायची. मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणजे भांडण नव्हतं, शब्द सापडत नव्हते. बाईंनी मला फोन करून विचारलं, "रघुवीर, मी जाऊन त्या माणसाला भेटू का? सांगते, चूक माझी आहे." तो आवाज मला सहन झाला नाही. मी म्हटलं, बाई, आता गुरुवारच काय ते सांगेल.

गुरुवारी मी फोटो काढायला म्हणून गेलो. कौन्सिलचं सभागृह, पुढं टेबल, राजाचा फोटो, त्याखाली कोरीवकाम केलेली एक उंच रिकामी खुर्ची, आणि बाजूला तेच साहेब उभे, तोच बिल्ला. बाई, तनू आणि मी पाहुण्यांच्या रांगेत. बाईंनी तनूचा हात इतका घट्ट धरला होता की तनू म्हणाली, "आजी, दुखते."

देवाच्या नावानं शपथ घेणारे वेगळे, नुसतं वचन देणारे वेगळे. मनीषा आणि सुहास वचन देणाऱ्यांत. राजा, त्याचे वारस, त्याचे उत्तराधिकारी. मनीषानं शब्द न् शब्द स्पष्ट म्हटला. मग एकेकाचं नाव. मनीषाचं आलं तेव्हा मी फोटो काढायचाच विसरलो. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. ओळखलं असणारच. सर्टिफिकेट दिलं, हात मिळवला, "वेलकम" म्हणाले. आधीच्या माणसाला म्हटलं तसंच. नंतरच्यालाही तसंच.

बस, तेवढंच. इतक्या वर्षांची धास्ती, आणि एका हातमिळवणीत संपली. मनीषा परत येऊन आईशेजारी बसली आणि तिला रडू कोसळलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. "किती दिवस भीत जगलीस गं माझी पोर," म्हणाल्या. "मला कळलंच नाही. मी तुला नुसती क्रांती शिकवत बसले."

लोक फोटोसाठी उठू लागले. तनू आईच्या मांडीवरचं सर्टिफिकेट बोटानं चाचपत होती. दोनदा वाचलं तिनं. मग कुजबुजत विचारलं,

"मम्मी, हे आता परत नाही ना घेत?"

"नाही गं. आता आपलं."

"मग मी आता ती लाइन म्हणू?"

मनीषानं डोळे पुसले. साहेब सहा हातांवर कोणाशी तरी बोलत होते. मी म्हणणार होतो, घरी जाऊन म्हण बाळा.

"म्हण," मनीषा म्हणाली.

तनू उठली, राजाच्या फोटोखालच्या त्या उंच रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "खाली उतरा."

"असं नाही," मागून रामटेके बाईंचा आवाज आला. "मोठ्यानं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."